फुलीच्या फांद्या

१२ नोव्हेंबर

कासिआन,

फोन करत नाही, पत्र लिहिते आहे. फोनवर तू हवामानावर येतोस, मग आवाज नीट येत नाही म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, तेवढंच बरं.

मेनानं तुला लिहिलंय ते मला ठाऊक आहे. तिनंच सांगितलं. लपवाछपवी तिला जमत नाही, बापावर गेलीय. ईस्टर झाला की नॉर्वेला यायचं, तुझ्या बोटीवर राहायचं, तुझ्या पाहुण्यांना स्कीवरून डोंगरात न्यायचं आणि तुझ्या हाताखाली गाइड व्हायचं. तूही लगेच हो म्हणालास. वा, मामा असावा तर असा. सख्ख्या बहिणीला एका शब्दानं विचारावं असं काही तुला वाटलं नाही. चार वर्षांत मला तू एकच गोष्ट विचारत आलास, 'बर्फ कसा आहे?'

तर ऐक, बर्फ कसा आहे. या वर्षी लवकर पडला. काल संत मार्टिनच्या सणाच्या जेवणाला अख्खं खोरं आमच्या खाणावळीत होतं आणि बाहेर घोट्याइतका बर्फ. हंस भाजला होता, लाल कोबी होता, मी क्नोडलच्या उकडलेल्या गोळ्यांचं पातेलं घेऊन बैठकीत येत होते, तेवढ्यात म्हातारा रोमेड उठला. बचाव पथक अजून त्याच्याच हातात आहे, गुडघे गेले तरी जीभ शाबूत आहे. म्हणाला, "चार हिवाळे आपण भाड्याच्या माणसांकडून वाट पाडून घेतली. आता पुरे. यंदा वाट मेना पाडेल. खोऱ्याच्या टोकावरच्या शेवटच्या घरची मुलगी आहे, तिचा मान आहे." सगळ्यांनी टेबलं बडवली. मेनाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी पातेलं ठेवलं आणि स्वयंपाकघरात परत गेले.

तू विसरला असशील, तिकडची हवा वेगळी म्हणे, म्हणून उजळणी करून देते. नवा बर्फ पडला की पहिली वाट एकानंच पाडायची. त्यानं शेवटच्या झाडांपाशी थांबायचं, पाइनच्या दोन फांद्या तोडायच्या आणि पाठपिशवीला बांधायच्या. शिखरापर्यंत सगळं ठीक असलं तर फांद्या तशाच परत आणायच्या आणि आमच्या बैठकीतल्या चुलीत घालायच्या. जेवताना वास आला की लोकांना कळतं, वाट पुरी झाली. आणि मध्येच परतावं लागलं तर परतला तिथे त्या फांद्यांची फुली रोवायची, चांगली उंच, वाट बुजली तरी फुली दिसेल अशी. मागून येणाऱ्यानं फक्त फुली बघायची. दिसली तर मागे फिरायचं, नाही दिसली तर खुशाल पुढे जायचं. आपल्या आजोबांच्याही आधीपासून हे चालत आलंय. याला काही शाळा शिकावी लागत नाही.

मी मेनाला अडवणार नाही. एकवीस वर्षांची घोडी झालीय, अडवून थांबेल थोडीच. माझं मागणं एकच आहे. ती तुझ्या मागून बर्फावर पहिलं पाऊल टाकण्याआधी तू तिला सांगायचं, तिचा बाप, माझा विगिल, गेला त्या दिवशी वाटेवर फुली का नव्हती. मी नाही सांगणार. तोंड तुझं आहे, तूच उघड. सबंध हिवाळा पडलाय तुझ्यापुढे.

झीटा


५ डिसेंबर

कासिआन,

तुझं पत्र मिळालं. 'जुनं उकरून कुणाला काय मिळणार?' फार छान. जुनं उकरायला माणसं फावडी घेऊन गेली होती, ते तू पाहिलं नाहीस. तू तेव्हा बसमध्ये होतास.

आधी कामाचं लिहिते. नोव्हेंबरचा बर्फ पडला तो पडला, मग ढग गायब. तीन आठवडे कडक ऊन आणि त्याहून कडक थंडी. खालचा थर साखरेसारखा सुटा झालाय, मुठीत धरला तर बोटांतून ओघळतो. मेनानं काल खड्डा खणून तो बर्फ मला आणून दाखवला, बरणीत. म्हणाली, "आई, यावर आता जड बर्फ पडला ना, तर सगळं घसरगुंडीवर बसल्यासारखं होणार." मी म्हटलं, मला काय सांगतेस, असाच हिवाळा मी एकदा काढलाय. मग बरणीतलं पाणी तिनं संत बार्बराच्या सणाला तोडून ठेवलेल्या चेरीच्या फांद्यांना घातलं. नाताळपर्यंत फुलं येतात म्हणे. विगिल होता तेव्हा यायची.

तू लिहितोस, त्या दिवसाचं तुला नीट आठवत नाही. मला आठवतं. मंगळवार होता, आपली खाणावळ बंद ठेवायचा दिवस. सोमवारी संध्याकाळी ती व्हिएन्नाची बाई बैठकीत आली होती, हिमलोटांचा अभ्यास करणारी, चष्मा लावणारी. दिवसभर राबेन शिखराच्या उतारावर बर्फात खड्डे खणून आलेली, नाक सोललेलं. ती म्हणाली, "उद्या त्या उतारावर कुणी जाऊ नका." आणि तू ग्लास खाली न ठेवताच म्हणालास, "बाई, बटाटे निघाले की सांगा, उकडायला ठेवतो." सगळं खोरं हसलं. माझा विगिलही हसला, तू काहीही बोललास तरी तो हसायचा. ती बाई पैसे ठेवून निघून गेली. तू म्हणालास, "सकाळी बघाच, शिखरापर्यंत वाट पडलेली असेल."

विगिल गाइड नव्हता. त्याचा हात कढईवर बसलेला, डोंगर त्याला सुट्टीपुरता हवा असायचा. तुझ्या वाटेवाचून तो कधीही एक पाऊल वर गेला नाही. मीच कधी म्हटलं, चल आज जाऊन येऊ, तर म्हणायचा, "कासिआन गेलाय का आधी? मग चल." मंगळवारी तू पहाटे निघालास. तो न्याहारीनंतर तुझ्या वाटेनं निघाला. बर्फ पडत होता, पण सरळ, कापूस झडावा तसा. आमच्या धुराड्याचा धूर काठीसारखा उभा होता. मी अंगणात बर्फ लोटत होते म्हणून मला माहीत आहे. वाऱ्याची एक झुळूक नव्हती, कासिआन.

रोमेड आणि त्याची माणसं दुपारी वर गेली. हिमलोट वाटेतल्या टेकाडाच्या पलीकडून सुटला होता, टेकाडाला ओरखडासुद्धा नव्हता. तुझी वाट टेकाडापर्यंत होती, अर्धी बुजलेली, पण होती. फुली नव्हती. त्यांनी विगिलला अंधार पडायच्या आत आणलं. आणि मग तू आलास, शेजारच्या खोऱ्यातून, बसनं. अंगणात उभा राहून म्हणालास, "फुली रोवली होती मी. वाऱ्यानं नेली असणार." रोमेडनं तुझ्या पाठपिशवीकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "नेली असेल."

झाकली मूठ सव्वा लाखाची. आपला तो बाब्या. खोऱ्याचा पहिला गाइड, त्याची अब्रू ती खोऱ्याची अब्रू, पाहुणे येतात ते त्याच्या नावावर. दुसऱ्या दिवसापासून सगळे वाऱ्याबद्दल बोलू लागले. एकानं तर मला सांगितलं की त्याच्या अंगणातली वाळत घातलेली चादर उडाली होती. बर्फ पडत असताना कुणी चादर वाळत घालतं का रे?

मी का गप्प बसले ते विचारू नकोस. मेना सतरा वर्षांची होती. बाप समोरच्या खोलीत निजवलेला, आणि ती तीन दिवस तुझा हात धरून बसली होती. त्या हातातून तिचा हात मला सोडवता आला नाही. मग महिन्याभरात तू नॉर्वेला गेलास आणि ती अजून म्हणते, मामाला दुःख सहन झालं नाही म्हणून तो गेला.

तुला काय सहन झालं नाही ते तू तिला सांग.

झीटा


९ फेब्रुवारी

कासिआन,

नाताळाला तू मेनाला जॅकेट पाठवलंस, मला मासा. धुरी दिलेला सॅमन. कुत्र्यानं आवडीनं खाल्ला. पत्र मात्र नाही. बरं.

आता जे घडलं ते लिहिते, कारण त्यातून तुझी सुटका नाही.

मेरीच्या मेणबत्त्यांच्या सणापासून बर्फ पडायला लागला तो थांबेचना. ओला, जड, आणि वर वारा. खिडक्या अर्ध्या बुजल्या. रविवारी सकाळी उघडला. खाणावळीत पाय ठेवायला जागा नव्हती, इन्सब्रुकची माणसं, बव्हेरियाची माणसं, सगळी स्कीला कातडी चढवून तयार, चढणीला घसरायला नको म्हणून. नवा बर्फ आणि निळं आभाळ दिसलं की माणसाची अक्कल चुलीत जाते, हे मी जन्मभर बघत आलेय. मेना त्यांच्या आधी निघून गेली होती. मी न्याहारी वाढत होते आणि दर दोन मिनिटांनी खिडकीशी जात होते. हातातून कॉफी सांडली. रोमेड कोपऱ्यात बसला होता, म्हणाला, "झीटा, बस की जरा." मी म्हटलं, तुम्ही बसा, तुम्हाला बसायची सवय आहे.

पाहुणे ब्रेड संपवून उठतच होते, तेवढ्यात ती आली. दारातून, सगळ्यांच्या समोरून. केसांत बर्फ, चेहरा पांढरा. पाठीला फांद्या नव्हत्या. ती बैठकीच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "टेकाडापर्यंत गेले. पलीकडे दोन पावलं टाकली आणि उतार हुंकारला. पायाखालचा थर सबंध धप्पकन बसला. मी मागे आले. फुली टेकाडावर आहे. आज कुणी राबेनवर जायचं नाही."

मग तो ग्रेगोर, रोमेडचा पुतण्या, गाइडचा नवा बिल्ला मिळाल्यापासून छाती पुढे काढून चालतो तो, म्हणाला, "काय मेना, पाय लटपटले?" हशा पिकला. मला तो हशा ओळखीचा होता. आणि माझी पोर म्हणाली, "हो, लटपटले. तुझे लटपटत नसतील तर जा की. फुली ओलांडूनच जावं लागेल, म्हणजे आम्हाला शोधायला कुठून सुरुवात करायची ते कळेल."

ग्रेगोर बसला. बव्हेरियाचे दोघं कुरकुरले की इतक्या लांबून आलो, एवढे पैसे घातले. मेनानं त्यांना जवाचं सूप आणून दिलं आणि म्हणाली, "हे माझ्याकडून. खा आणि घरी जा." मग ती स्वयंपाकघरात आली, भांड्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिली, आणि तिचे गुडघे खरंच लटपटत होते. मी तिला धरलं. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं मला धरू दिलं.

त्या दिवशी संध्याकाळपासून पुन्हा वारा सुटला. आमच्या गोठ्याचे दोन पत्रे उडाले, रस्त्यावरचा तो ख्रिस्ताचा लाकडी खांब कलंडला. मंगळवारी निवळलं तर राबेनचा अख्खा उतार खाली आलेला, आपोआप, कुणी पाय न लावता. खाली नाल्यात घराएवढे गोळे. रोमेड, ग्रेगोर आणि मेना बघायला वर गेले. रोमेडला गुडघ्यांमुळे बर्फगाडीवरून न्यावं लागलं, पण त्याला यायचंच होतं.

फुली टेकाडावर तशीच उभी होती. दोन दिवसांचं ते वादळ खाऊन. रोमेडनं हातातल्या काठीनं ती हलवून पाहिली, हलली नाही, आणि कौतुकानं म्हणून गेला, "नीट रोवली की वाऱ्याच्या बापालाही उपटत नाही."

म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की तो काय म्हणाला. मेनानं मला सांगितलं, म्हातारा तोंड फिरवून हातमोजे चाचपत बसला.

ती थेट माझ्याकडे आली. मी बटाटे सोलत होते. म्हणाली, "आई, मग मामाची फुली कशी उडाली?" मी सोलत राहिले. ती म्हणाली, "त्या दिवशी वारा होता का?" मी म्हटलं, मामाला विचार. ती म्हणाली, "म्हणजे नव्हता." मी म्हटलं, मामाला विचार, मेना, मी एवढंच बोलणार. तिनं माझ्या हातातला चाकू काढून घेतला, कारण मी सालाबरोबर अर्धा बटाटा कापत होते, आणि उरलेले सगळे तिनं सोलले.

ती तुला फोन करणार नाही. म्हणाली, "असल्या गोष्टी फोनवर विचारत नाहीत. ईस्टरला तो मला न्यायला येतोयच. टेकाडावर नेऊन विचारीन."

तेव्हा आता तूच ठरव. वाऱ्याची गोष्ट पुन्हा सांगायची असेल तर नीट तयारी करून ये. तिला वारा आता कळतो.

झीटा


२० मार्च

कासिआन,

काल योसेफचा सण होता, बँड वाजला, सगळं खोरं चर्चमधून आमच्याकडे आलं आणि डोनट खाऊन गेलं. आज दारात पोस्टमन आणि त्याच्या हातात तुझं पत्र. एवढं जाड. मी आधी डोनटच्या कढया घासल्या, मग वाचलं.

तू लिहितोस, तुला झोप लागत नाही. मला लागते, दिवसभर उभी असते मी. तू लिहितोस, तिकडे नोव्हेंबर ते जानेवारी सूर्यच उगवत नाही आणि त्या अंधारात तुला विगिल दिसतो. मला भर उजेडात दिसतो, कांद्याच्या टोपलीपाशी. तू लिहितोस, तू त्या दिवशी घाबरला होतास. हे मात्र खरं लिहिलंस. पण पुढे काय ते नाही लिहिलंस. पत्र जाड आणि आत पोकळ.

आणि शेवटी काय, तर 'झीटा, तूच सांग तिला. तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला कमी लागेल.' अरे वा. म्हणजे पोरीसमोर तुझी चूक मी मांडायची, तुला न दुखवता, तिला न दुखवता, आणि तू ईस्टरला येणार, जखम पुसलेली, पट्टी बांधलेली. लहानपणी शेळी हरवलीस तेव्हाही बाबांना मीच सांगितलं होतं. थप्पड मला बसली होती. तू धान्याच्या कोठीमागे उभा होतास.

नाही. ही वाट मी तुझ्यासाठी पाडणार नाही. तूच पुढे हो.

एक गोष्ट सांगते, ती तुझ्या पत्रात नाही आणि तुझ्या डोक्यातही नसेल. तू घाबरलास याचा मला राग नाही. देवाशपथ नाही. उतार हुंकारला की शहाणा माणूस घाबरतो, माझी पोर घाबरली. मला हे ऐकायचं आहे की तू घाबरून काय केलंस. दोन फांद्या पाठीवर होत्या. टेकाड पायाखाली होतं. रोवायला असा किती वेळ लागला असता?

मेना सामान लावते आहे. तुझं जॅकेट तिनं अजून पिशवीत घातलेलं नाही. खुंटीला टांगून ठेवलंय.

झीटा


ईस्टरनंतरचा मंगळवार

कासिआन,

हे पत्र मेनाच्या हातानं पाठवते आहे. तू खाली शहरातल्या हॉटेलात उतरलास, सख्ख्या बहिणीचं घर तुला चाललं नाही, ते बरंच झालं. चादरी धुवायच्या वाचल्या.

शनिवारी तुला पाहिलं मी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून. तुम्ही दोघं टेकाडावरून खाली आलात, ती पुढे आणि तू मागे. केस पिकलेत तुझे. चालतोस बाबांसारखा, एक खांदा पाडून. अंगणात उभा राहिलास, टोपी काढलीस, दाराकडे बघत राहिलास. मला वाटलं, आत येशील. पण पायरीला पाय लावला नाहीस. मी बोलवायला हवं होतं असं तुला वाटत असेल तर वाटू दे. मी पिठात हात घालून उभी होते आणि मला तुला मारावंसं वाटत होतं आणि जेवायला वाढावंसंही वाटत होतं. त्या दोन्हींतलं काही करू न देता तू निघून गेलास.

मग ती आत आली आणि तिनं मला सांगितलं.

तू टेकाडापुढे दोन पावलं टाकलीस, उतार हुंकारला, तू मागे आलास. इथवर तुझी आणि तिची गोष्ट एकच. मग तुला बैठक आठवली. व्हिएन्नाची ती बाई अजून खोऱ्यातच असणार, तिच्यासमोरून रिकाम्या पाठीनं जायचं, आणि फुली लावली तर खोरं सगळं हिवाळाभर म्हणणार, बटाटे निघाले की रे कासिआन. तू म्हणालास, फांद्या हातात घेतल्या होत्या. मग पुन्हा बांधल्या. म्हटलंस, आज मंगळवार, खाणावळ बंद, बर्फ पडतोय, कोण येणार आहे मागून. आणि टेकाडाच्या मागच्या बाजूनं पलीकडच्या खोऱ्यात उतरलास, जिथे तुला कुणी विचारणार नव्हतं. तिथल्या खाणावळीत बसलास, बिअर घेतलीस. मालकीण म्हणाली, "काय कासिआन, वाट पुरी झाली?" आणि तू हो म्हणालास, आणि फांद्या तिच्या चुलीत घातल्यास.

मेना हे सांगताना रडली नाही. मीही नाही. मी फक्त विचारलं, वास आला असेल ना गं तिथे? ती म्हणाली, "आई, मामा म्हणाला, वास आला तेव्हाच त्याला उठून परत यावंसं वाटलं. पण बिअर अर्धी होती."

अर्धी बिअर. चार वर्षं मी काय काय मनात रचलं होतं. पलीकडे कुणी बाई असेल, काही भांडण असेल, विगिल तुला काही बोलला असेल. एवढं मोठं मरण माझ्या घरात, त्याला कारणही तसंच मोठं असेल असं धरून चालले होते मी. आणि निघालं काय, तर लोक हसतील.

मी मेनाला म्हटलं, झालं तर मग. काढ ते सामान. ती म्हणाली, "नाही आई, मी जाणार आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, या माणसाच्या मागून? ज्यानं तुझ्या बापासाठी दोन फांद्या रोवल्या नाहीत? ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, अगदी विगिल बसायचा तशी, उलटी. म्हणाली, "त्यानं टेकाडावर उभं राहून मला सगळं सांगितलं. मी विचारायच्या आधी. एकही शब्द गाळला नाही. आई, तो माणूस आता मरेपर्यंत फुली विसरणार नाही. मला ग्रेगोरच्या मागून जायची भीती वाटते, त्याचं अजून काही चुकलेलं नाही."

मी म्हटलं, आणि मी? मी चार वर्षं हे एकटीनं उचललं, तुझ्यासाठी. ती म्हणाली, "माहीत आहे. पण रोज जेवणात वाढत होतीस ना तू ते, आई. फक्त नाव सांगत नव्हतीस पदार्थाचं."

कार्टी. तोंड माझं घेतलंय, आणि ते माझ्यावरच चालवते.

तर कासिआन, मला हवं होतं ते तू केलंस. तू सांगितलंस. मी सबंध हिवाळा तुझ्या मागे लागले ते यासाठीच, आणि मनात खोलवर मला वाटत होतं की खरं कळलं की ती थांबेल. तू कळवलंस, आणि ती थांबत नाही. हे माझ्याच हातानं झालं. तिनं तुला माफ केलं. तिचं वय आहे, तिच्याकडे भरपूर शिल्लक आहे, ती उधळू शकते. मी केलेलं नाही. करीन असंही लिहीत नाही, उगाच लिहायचं म्हणून लिहिण्यातली मी नाही.

काल ती शेवटचं वर जाऊन आली, शिखरापर्यंत. वसंतातला घट्ट बर्फ, निळं आभाळ, काही धोका नाही. येताना फांद्या आणल्या आणि चुलीत घातल्या. बैठकीत वास भरला. रोमेड जेवता जेवता थांबला आणि डोळे पुसायला लागला, म्हणे धूर गेला. मला तिथे बसवेना. मी अंगणात जाऊन उभी राहिले आणि धुराड्याकडे बघत राहिले. धूर सरळ वर जात होता.

आज पहाटे मीच शेवटच्या झाडांपर्यंत गेले. गुडघे दुखले. दोन फांद्या तोडल्या आणि तिच्या पाठपिशवीला बांधल्या, विगिलच्या मफलरच्या पट्टीनं, आपल्या गाठीनं. ती म्हणाली, "आई, विमानात हसतील मला." मी म्हटलं, हसू दे. हसण्यानं कुणी मरत नाही, हे आपल्या घरात एकाला तरी कळायला हवं.

तुमच्याकडे म्हणे झाडं नाहीत, असली तर खुजे बर्च. तेव्हा या दोन जपून वापर. लागतील तेव्हा तिच्यासमोर रोव, लोक बघत असले तरी रोव, लोक हसत असले तर जास्त खोल रोव. आणि रोज उपटून परत घेऊन ये. वाळतील, सुया गळतील, नुसत्या काटक्या उरतील. चालेल. पण तिकडच्या कुठल्याही चुलीत त्या घालायच्या नाहीत.

त्या मला इथे परत हव्या आहेत, माझ्या चुलीत, आणि तिच्या हातानं. तू बरोबर आलास तर पायरी चढून आत ये. अंगणात उभा राहू नकोस.

झीटा